ठेवलेला बोजा

दत्तात्रेय म्हात्र्यांना सगळी कंपनी दाजी म्हणते. त्यांना किळस सहजासहजी येत नाही. पेणच्या खाडीकाठी मिठागराच्या चिखलात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पुढे उधाणाने बांध फुटले, मिठागर बंद पडलं आणि ते रोह्याच्या एमआयडीसीत माल चढवणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. तिथल्या नाल्यापाशी नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. दाजी त्याच नाल्याच्या कडेला बसून भाकरी-सुकट खातात. असा माणूस एका पेढ्याने ओकला म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण ओकला.

झालं असं, की गेल्या वर्षी कंपनीत पेढे वाटले. दाजींना वाटलं, कोणाकडे तरी पाळणा हलला. पेढा तोंडात गेला आणि प्रविणसाहेब म्हणाले, "परदेशातली लढाई लांबली, दाजी. मोठी ऑर्डर आलीय. देव पावला." प्रविणसाहेब खांब गावचे, म्हणजे इथलेच, शिकून शिफ्टचे साहेब झालेले. कंपनीतली पिवळी पूड कापडाच्या रंगाला लागते, एवढंच दाजींना ठाऊक होतं. ती दारूगोळ्यालाही लागते, हे त्यांना त्या पेढ्याबरोबर कळलं. ते गेटामागे जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन माल चढवायला लागले. हातावर पोट असलं की किळससुद्धा सुट्टीच्या दिवशीच परवडते.

त्यांचा मुलगा विशाल त्यांच्याच टोळीत होता. ड्रम दोघांनी मिळून उचलायचा, आणि विशालचा जोडीदार बापच. पोरगा कामाला चोख, पण जेवताना फोनवर बाँबफेकीचे व्हिडिओ बघायचा. "काय उडवलंय, बघा बाबा." दाजींनी एकदा बघितलं. पडलेल्या इमारतीखालून बाया हातांनी माती उपसत होत्या आणि पोरगा सुकट चघळत हसत होता. दाजींनी डबा बंद केला. परक्याची शिसारी आली तर माणूस थुंकून मोकळा होतो. पोटच्या पोराची आली तर थुंकायचं कुठे?

दिवाळीत विशालला कायम करायचा साहेबांनी शब्द दिला होता. घरात त्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

अशात एका सकाळी उरणच्या बंदरातून एक कंटेनर आला. दाजींच्या टोळीनेच भरून पाठवलेला, समुद्रापार जाऊन तसाच परत आलेला. त्याच्या दारांवर पांढऱ्या रंगात माणसांच्या हातांचे ठसे होते, लहानमोठे, एकावर एक.

"निवडणूक आली काय रं?" टोळीतला पांडू म्हणाला. सगळे हसले.

ड्रम उतरवून झाल्यावर ड्रायव्हरने खरं काय ते सांगितलं. तिथल्या बंदरातल्या हमालांना कळलं, की ही पूड लढाईला चाललीय. त्यांनी माल जिथल्या तिथे ठेवला, दारांवर आपल्या हातांचे ठसे उमटवले आणि मालाला हात लावायला नकार दिला. त्याने फोनवर दाखवलंही. पावसात माणसं रांगेने बसली होती आणि पुढे एक पोट सुटलेला म्हातारा आपलं हेल्मेट उलटं करून त्यावर बसला होता. भाषा कळत नव्हती. बसणं मात्र दाजींनी लगेच ओळखलं.

मिठागरात एक रिवाज होता. वाद होऊन एका टोळीने मिठाची टोपली खाली ठेवली, की वाद मिटेपर्यंत दुसऱ्या टोळीने ती डोक्यावर घ्यायची नाही. जो घेईल त्याच्या पंगतीला कोणी बसत नसे. बोजा कोणी ठेवला एवढंच विचारायचं. का ठेवला, हे विचारायची गरज पडत नसे.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी हुकूम सोडला. ठसे पुसा, जुने स्टिकर खरवडा, नवे लावा, आजच्या आज माल पुन्हा भरा. आता दुसऱ्या बंदरातून जाईल.

"तिकडच्या हमालांना माज आलाय," साहेब म्हणाले. "लढाई आहे म्हणून तुमच्या चुली पेटतात, दाजी."

दाजींच्या तोंडात तो जुना पेढा पुन्हा आल्यासारखा झाला. "यो ठेवलेला बोजा हाय, साहेब," ते म्हणाले. "आमी नाय उचलणार." आणि ते जमिनीवर बसले.

पांडू बसला. मग एकेक करून बाकीचे बसले. विशाल तेवढा ड्रमच्या कडेला हात घालून वाकलेला राहिला, समोरून बापाचा हात येईल म्हणून.

"बाबा, दिवाळी जवळ आली," तो हळूच म्हणाला.

बाप उठला नाही.

साहेबांनी वडखळ नाक्यावरून टेम्पो भरून दुसरी टोळी आणवली. तिचा मुकादम निघाला मोरू, दाजींचा मिठागरातला सोबती. त्याने उभे ड्रम बघितले, बसलेली माणसं बघितली.

"बोजा कोनी ठेवलाय, दत्तू?"

"बंदरातल्या टोळीनं."

"कंच्या बंदरातल्या?"

"नाव नाय ठाव. समुद्राच्या पल्याडचं हाय."

मोरूने तंबाखू थुंकली. "म्हंजे टोळीच की," तो म्हणाला आणि आपली माणसं घेऊन शेजारी बसला.

साहेब हसले. असला ओशटपणा दाजींनी नाल्याच्या पाण्यावरसुद्धा बघितला नव्हता. त्यांनी दुसऱ्या प्लांटमधून फोर्कलिफ्ट मागवली. मशीनला रिवाज नसतो. पण ठसे पुसायला आणि ड्रम सरळ करायला माणूस लागतोच.

"विशाल, कायम व्हायचंय ना?"

विशालने बापाकडे न बघता थिनरचा डबा उचलला. ठसे पुसले गेले, कंटेनर भरून गेला. दोन्ही टोळ्यांना गेटाबाहेर काढलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

दिवेलागणीला विशाल घरी आला तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन. माल सुटला म्हणून कंपनीने दिला होता. "आय, मी कायम झालो. तोंड गोड कर."

त्याच्या आईने, धोंडूबाईने, जन्मभर मीठ डोक्यावर वाहिलं होतं. नवऱ्याने तिला आणि सुनेला दुपारचं सगळं सांगितलं होतं. तिने बॉक्स हातात घेतला, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याबाहेर ठेवून आत आली.

"आय गो, पेढं हायत ते. मुंग्या लागतील."

दाजी चहा पीत राहिले. विशाल स्वतःच बाहेर जाऊन बॉक्स उचलायला वाकला. तेवढ्यात दिपिका, त्याची बायको, पिठाच्या हातांनी दारात आली.

"ठेवलाय तो आयनी," ती म्हणाली. "उचललात तर माझ्या हातची भाकरी नाय मिळायची."

दुपारी ड्रमपाशी राहिला होता तसा विशाल वाकलेलाच राहिला.