सरांचा लेख डभोईला

“हा कोण दीडशहाणा?” सरांनी रिव्ह्यूचा कागद माझ्या टेबलावर आपटला. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि आमच्या साहित्य-अभ्यासाच्या जर्नलचे मुख्य संपादक. मी सहसंपादक, म्हणजे बाकी सगळं.

आमच्याकडे ब्लाइंड रिव्ह्यूची पद्धत. लेखावरचं नाव काढून तो एका जाणकाराकडे पाठवायचा आणि जाणकाराचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही. हा नियम सरांनीच आणला. या वेळी हौसेनं स्वतःचा लेखही त्यात टाकला, जुन्या नाटकमंडळ्यांवरचा. इथे बडोद्यातले सगळे ज्येष्ठ सरांची लेखणी दोन ओळींत ओळखतात. म्हणून मी लेख पाठवला जवळच्या डभोई गावातल्या कॉलेजातल्या हेतलबेनकडे. तिची पीएचडी याच विषयातली.

तिनं स्वच्छ लिहिलं: “उदाहरणं सुरेख. पण निष्कर्ष आधी ठरवून पुरावे नंतर गोळा केलेत. पुन्हा लिहावा.” अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी ते टाइप करून सरांना दिलं. केवढी ही माझी हुशारी!

मग कळलं, हेतलबेन तिथे हंगामी आहे. पंधरा दिवसांनी तिचा कायम होण्याचा इंटरव्ह्यू, आणि युनिव्हर्सिटीतर्फे तज्ज्ञ म्हणून जाणार आमचेच सर. तिच्या अक्षरातला मूळ कागद मी कपाटात कुलूपबंद केला. सरांनी तीनदा नाव विचारलं. नियम तुमचाच आहे, असं म्हणून मी तीनदा टाळलं. चार दिवस ते धुसफुसत राहिले. मग गुपचूप लेख पुन्हा लिहायला बसले.

इंटरव्ह्यू झाला आणि हेतलबेनचा फोन आला, रडवेला. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात नेहमीची चूक कोणती, असं सरांनी विचारलं होतं. ती पटकन बोलून गेली, निष्कर्ष आधी ठरवतात, पुरावे नंतर गोळा करतात. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, या तुम्ही.

“ताई, हवे शुं? आता काय? माझं काय चुकलं?”

तो लेख कोणाचा, हे तिला माहीतच नव्हतं. मी सांगूही शकत नव्हते. त्या नियमाचा असा राग मला कधी आला नव्हता.

महिन्याभरानं ती कायम झाली. त्याच आठवड्यात सरांनी नवा लेख माझ्यासमोर ठेवला. वर नाव नव्हतं, नुसती चिठ्ठी होती: “डभोईला पाठवा.”

तेव्हापासून कोणालाही लेख पाठवण्याआधी मी एवढंच विचारते, इतक्यात तुमचा इंटरव्ह्यू नाही ना?