०.९९९… आणि आमचे सासरे

आमचे सासरे पक्के खोटारडे होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं आणि हे मला आज कळतंय. डोकं फिरलंय नुसतं.

मामा, म्हणजे सासरे, जयसिंगपूरला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. शहाण्णव साली शाहूपुरीत आमच्या घरी मला बघायला आले. बाकीचे लोक स्वयंपाक येतो का विचारतात. यांनी पोह्यांची डिश बाजूला सारून विचारलं, "शून्य पॉइंट नऊ नऊ नऊ, असंच पुढं कायम चालू. ते आणि एक, सारखं का येगळं?"

मी बीएस्सी मॅथ्स. म्हटलं, "सारखं."

"येगळं. शेवटाला थोडं राहतंय की."

"शेवटच नाही, तर राहणार कुठं?"

वडिलांनी डोळे वटारले. आधी एक स्थळ मोडलेलं होतं.

"पुन्हा इचार कर."

"केला. सारखंच."

तरी होकार आला. आणि पुढची सगळी वर्षं या माणसाने मला छळलं.

एक भागिले तीन करून दाखवलं. ०.३३३… ची तिप्पट करून दाखवली. ढिम्म.

पाहुण्यांना सांगायचे, "सूनबाई गणितात बीएस्सी हाय. पर एक गणित चुकलंय."

माझ्या लेकीलाही तेच पढवलं. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं.

शेवटी हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, "थोडं राहतंयच की."

मला रडू आलं. म्हटलं, "बरं मामा. राहतंय."

त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, दमले.

आज वर्षश्राद्धाचा स्वयंपाक करताना हे आत्यांना, म्हणजे सासूबाईंना सांगितलं. त्या चिडल्याच.

"अगं, त्यास्नी ठाऊक हुतं की सारखंच हाय म्हणून. तुझ्याआधीच्या पोरी ह्यांनी 'येगळं' म्हटल्यावर लगीच व्हय म्हणाल्या. तू हटली न्हाईस. परत येताना एस्टीतच म्हणालं, हीच सून करायची."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तू भांडतीस ते आवडायचं त्यास्नी."

आवडायचं म्हणे!

म्हणजे तो मास्क काढला तोही मी भांडावं म्हणून. आणि मी नेमकी तेव्हाच शहाण्यासारखी हो म्हणाले.

घरात आता भांडायला कुणी नाही. फार आठवण येते.

मामा, ते "राहतंय" मी परत घेतेय.

पुन्हा विचार केला. सारखंच आहे.

काय बोलायचं ते बोला आता.

नमस्कार करते.