ना तुझं घर, ना माझं

शाळेचे गणवेश शिवण्यात ताईंचं अर्धं आयुष्य गेलं. मशीनवरून उठल्या की ओट्यापाशी, तिथून उठल्या की पुन्हा मशीनवर. धाकटी बहीण राहायला आली तरी तिच्याशी बोलणं व्हायचं ते पाठमोऱ्यानेच, फोडणी सांभाळत. आणि ताई तिच्याकडे गेल्या तर तिथे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. धाकटी दवाखान्यात नर्स होती, पण घरी आली तरी तिची ड्युटी काही संपत नसे.

शेवटी धाकटीनेच फोनवर तोडगा काढला. "ना तुझं घर, ना माझं. मधल्या शहरात भेटू. फिरायला येणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी होस्टेल आहे तिथे, स्वस्तात पलंग मिळतो."

"आणि मी तरुण?"

"वयाची अट नाही. मी विचारून ठेवलंय. सासूबाईंपाशी नणंद थांबेल."

ताईंनी घरी सांगितलं तेव्हा यजमानांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणाचं लग्नकार्य आहे का?"

"नाही. सहजच जातेय."

होस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीने दोघींना चादरी, अभ्रे आणि कपाटाची किल्ली दिली. खोलीत एकावर एक असे सहा पलंग. खालचा एक आणि त्याच्यावरचा एक, एवढेच रिकामे होते.

"वर मी," ताई म्हणाल्या.

"तुझे गुडघे?"

"तेही येतील माझ्याबरोबर."

शिडीच्या मध्यावर गुडघ्यांनी संप पुकारला. ताईंना वर जाता येईना, खाली उतरवेना. बंद पडलेली गाडी ढकलावी तसा धाकटीने खालून खांदा लावला. ताई पोत्यासारख्या गादीवर पडल्या आणि हसू लागल्या. खाली धाकटी पोट धरून बसली.

समोरच्या पलंगाचा पडदा सरकला. विस्कटलेल्या केसांची एक मुलगी डोळे चोळत म्हणाली, "आजी, जरा हळू. माझी रात्रपाळी होती."

दोघींनी जीभ चावली. जन्मभर ताईंनी पोराबाळांना गप्प केलं होतं, आज कुणीतरी त्यांनाच गप्प केलं. त्यांनी उशीत तोंड खुपसलं, पण हसू दाबलं की ते दुप्पट होतं. शेवटी ताई कशाबशा उतरल्या आणि दोघी चपला हातात घेऊन बाहेर पळाल्या.

धाकटीला मात्र चुटपुट लागली. "रात्रपाळीची झोप मोडली की काय होतं, ते मला विचार," म्हणत तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी, कांदे आणि पाव आणला. संध्याकाळी मुलगी उठून सामाईक स्वयंपाकघरात आली, तर तिच्यासाठी गरम ऑम्लेट तयार होतं. दोन घास पोटात गेल्यावर तिने विचारलं, "पण एवढं हसत कशाला होतात?"

ताई सांगायला गेल्या आणि शिडीपर्यंत पोचून पुन्हा फुटल्या. त्यांच्याकडे बघून मुलगीही हसायला लागली. तिला ठसका लागला, तेव्हा धाकटीने पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी पायाचे तुकडे पडेपर्यंत शहरभर हिंडल्या. बागेतल्या बाकावर धाकटी दवाखान्यातला एक किस्सा सांगत होती, तो अर्ध्यावर थांबवून ताईंनी घरी फोन लावला. "मी उद्या नाही, परवा येते."

पलीकडे भांडं वाजलं. मग यजमान म्हणाले, "बरं. भाताला पाणी किती घालायचं?"

"तांदळाच्या दुप्पट," ताई म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकून धाकटीकडे वळल्या. "हं, पुढे काय झालं ते सांग."