मागचे केस

"बराबर झाकलं का?" असं विचारल्याशिवाय ते मास्तर माझ्या खुर्चीतून कधी उठले नाहीत. मी वस्तरा पुसत "झाकलं" म्हणायचो. झाकलं कुठलं! डाव्या कानावरचे केस वीतभर वाढवून उजव्या कानापर्यंत आडवे नेलेले, खोबरेल तेलाने चिकटवलेले, आणि मधून डोकं लख्ख दिसतंय. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. वारा सुटला की यांचा एक हात डोक्यावर जायचा, आणि समोरून कुणी नमस्कार केला तर उरलेल्या एका हातानेच परत मिळायचा.

मंठ्याच्या बाजारात माझं दुकान होतं. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. चाळिशी आलेली, बायको होती, दोन लेकरं होती. केस उगवून कुणाला दाखवायचे होते, देव जाणे. हकिमाचं तेल झालं, कांद्याचा रस झाला, त्याचा वास माझ्या दुकानभर झाला. मला तर त्या माणसाची शिसारीच बसली होती.

एक दिवस ते कागद नाचवत आले. मुंबईच्या कुण्या डॉक्टरचं पत्र होतं. विलायतेत म्हणे मागचे केस कातडीसकट काढून पुढे लावतात, आपणही करून बघू, एकदा येऊन दाखवा.

"तुला काय वाटतं? करावं का?"

"मास्तर, वावर एवढं मोठं अन् रोपं मूठभर. मागचं उपटून पुढं लावलं, तर मंग मागं काय राह्यचं?"

"तू न्हावी. तुला काय कळतं?"

मग विचारायचं कशाला? त्या दिवसापासून मागच्या केसांना त्यांनी मला कातर लावू दिली नाही. "बिलकुल न्हाई. ते मुंबईला जाणार हायेत," म्हणायचे.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं आणि त्याआधीच त्यांचा बाप गेला. म्हातारा गावाकडे शेती करायचा. जन्मभर उन्हात राबून त्याने या लेकाला औरंगाबादला शिकायला ठेवलं होतं.

आमच्याकडे बाप जिवंत असेपर्यंत कुणी मिशी काढत नाही. बाप गेला की डोकं आणि मिशी, दोन्ही उतरवायची. दहाव्याला मी धोकटी घेऊन त्यांच्या गावच्या नदीवर गेलो. धाकटा भाऊ मुकाट बसला, चुलतभाऊ बसले. थोरल्याची पाळी आली, तर हे उभेच.

"चार केस काप नावाला. मागचे राहू दे. मिशीबी राहू दे."

"मास्तर, महिन्याभरात परत येतेत."

"अन् न्हाई आले तर?"

सगळा गाव बघत होता. त्यांचे चुलते म्हणाले, "बापापेक्षा केस मोठे झाले का रं?" मास्तर खाली बसले. मी कानाजवळचे चार केस कापले. तेवढ्यातही म्हणाले, "हळू." या धंद्यात माझी हयात गेली, पण स्वतःच्या हाताची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सुट्टी संपल्यावर एका दुपारी ते दुकानात आले. डोक्यावर टोपी. काढली, तर मागे तळहाताएवढा चट्टा, गुळगुळीत भादरलेला. कातडी बघायची म्हणून डॉक्टरने सगळ्यात आधी तेच केस उतरवले होते. मग म्हणाला होता, मागेच तुमचे थोडे उरलेत, पुढचा चौथा हिस्साही भरायचा नाही, या भानगडीत पडू नका.

"म्हणजे बापाला न्हाई दिले, ते डॉक्टरला दिले," मी म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही, आणि मला ते बोलायचंच होतं.

ते खुर्चीत बसले. "सगळे काढ," एवढंच म्हणाले.

मी काढले. कानावरची ती वीतभर बटही गेली. डोकं पुसलं, कापड झटकलं, सवयीने आरसा पुढे धरला. त्यांनी आरशात पाहिलं नाही, की काही विचारलं नाही.

"झालं, मास्तर."

"मिशी राह्यली," ते म्हणाले.

दहावा होऊन महिना लोटला होता. आता काढून काय उपयोग, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्या माणसाबद्दलचं माझं मत आजही बदललेलं नाही. पण मी साबणाचा फेस केला, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं तरी वस्तरा हळू चालवला.