माइंड आहे, मिस

भुवनाचा दिवस इंग्रजीत उगवायचा आणि इंग्रजीतच मावळायचा. सकाळी कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर, क्लासात. कॉलेजातल्या मुलींना पास व्हायचं असे, क्लासातल्या नर्सांना परदेशी जायचं असे. इंग्रजी कुणालाच नको होतं. पूर्वी तिला ह्याचं वाईट वाटायचं. आता पन्नाशी उलटल्यावर घसा दुखतो, एवढंच वाटायचं.

नवरा वारल्यावर ती माहेरी, मेल वीथी नावाच्या जुन्या रस्त्यावरच्या घरी येऊन राहिली होती. वडील श्रीनिवासराव रेल्वेतून निवृत्त झालेले, आता थकलेले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं; बाप-लेक घरात मराठीच बोलत, जुन्या वळणाचं, तमिळ हेल असलेलं. ते लिहायची वेळ मात्र कधी येत नसे; आली असती तरी देवनागरी दोघांनाही धड लिहिता-वाचता येत नव्हती. मुलगी नंदिता चेन्नईला. आईचं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र ती इंग्रजीत देई.

त्या संध्याकाळी क्लासात ‘माइंड’ हा शब्द होता. भुवनानं फळ्यावर वाक्य लिहिलं आणि विचारलं, “वुड यू माइंड इफ आय ओपन द विंडो? उत्तर काय द्याल?”

“येस, मिस!” सगळ्या एकदम ओरडल्या.

“म्हणजे खिडकी उघडू नका, असं म्हणालात तुम्ही. माइंड म्हणजे इथे हरकत. हरकत नसेल तर नो म्हणायचं.”

पोरी हसल्या. दरवर्षी ह्याच जागी हसतात. मग ती एकेक सांगत गेली. चेंज युवर माइंड म्हणजे ठरवलेलं बदलणं. मेक अप युवर माइंड म्हणजे एकदाचं ठरवून टाकणं. माइंड द चाइल्ड म्हणजे मुलाकडे लक्ष ठेवणं. नेव्हर माइंड म्हणजे जाऊ दे.

“मिस, हे माइंड डोक्यात असतं की इथे?” एकीनं छातीवर हात ठेवून विचारलं. तमिळमधलं ‘मनसु’ तिथेच असतं.

“इंग्रजांचं डोक्यात असतं,” भुवना म्हणाली. “आपलं कुठे आहे ते घरी जाऊन बघा.”

तिच्या मराठीतलं मन लागायचं, उडायचं, बसायचं, विटायचं. विटणं मुलींना इंग्रजीत कसं सांगावं, ते तिला कधी सुचलं नव्हतं. तिचं स्वतःचं मन मात्र केव्हाच विटलं होतं.

शेवटी, परदेशी जाण्यासाठी जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे, तिच्या तोंडी भागाचा सराव असे. पापनाशमहून बसनं येणारी अंबा समोर बसली. ती तिथल्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होती आणि ह्या परीक्षेत आधी नापास झाली होती.

“वुड यू माइंड वर्किंग नाइट शिफ्ट्स?” भुवनानं विचारलं.

“येस, आय माइंड.”

“अंबा, आत्ताच सांगितलं ना? नो म्हणायचं.”

अंबानं मान खाली घातली. मग तमिळमध्ये हळूच म्हणाली, “कळलंय, मिस. मला माइंड आहे. मुलगी अजून अंगावर पिते. मला जायचं नाही. पण घरी सगळ्यांनी ठरवलंय.”

“घरी सांगितलंस?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

भुवनाला मात्र आयुष्यभर सगळ्यांनी विचारलं होतं. मॅडम, जादा तास घ्याल ना? सुट्टीत पेपर तपासाल ना? हरकत नाही ना? आणि ती प्रत्येक वेळी व्याकरणाला धरून ‘नो’ म्हणाली होती.

दोन-तीन दिवसांनी अंबाचा नवरा रमण क्लासात आला. माणूस वाईट नव्हता. हातात केळ्यांचा घड होता. परीक्षेचा अर्ज भरायचा होता, बायकोची तयारी झाली का, एवढंच त्याला विचारायचं होतं. क्लासचा मालक कार्तिकेय हसून म्हणाला, “मॅडम सांगतील.”

भुवनाला वाटलं, झाली म्हणावं आणि साडेसातची टाउन बस पकडावी. पाय सुजले होते. पण अंबा दाराशी उभी होती, आणि भुवनानं तिलाच विचारलं, “अंबा, तुला जायचंय का? तुझ्या यजमानांसमोर सांग.”

अंबानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“आत्ता नाही,” ती म्हणाली. “पोरगी शाळेत जाऊ दे. मग विचारा.”

रमणचा चेहरा पडला. “घरी एक शब्द बोलली नाहीस!” मग भुवनाकडे वळून म्हणाला, “मॅडम, तुम्ही तिचं मन फिरवलंत.” केळी टेबलावर तशीच ठेवून तो जिना उतरला. अंबा त्याच्या मागे गेली.

कार्तिकेय आवाज न चढवता बोलला. असं झालं तर क्लासात कोण येईल, म्हणाला. आठवड्याभरात त्यानं एका तरुण मास्तराला आणलं. “संध्याकाळचे तास ते घेतील, मॅडम. तुम्हीही दमता. यू वोन्ट माइंड, नो?”

“आय डू माइंड, कार्तिकेय,” भुवना म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि तो मास्तरांना खडू कुठे असतात ते दाखवायला गेला. तास गेले ते गेलेच.

त्यानंतर ती उजेडीच घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी वडील ओसरीवर दचकले. “अगे, बरं नाही का तुला?”

“बरी आहे, आप्पा. काम कमी झालं.”

“तू कमी केलंस?”

“नाही. त्यांनी केलं. पण मी बोलले.”

त्यांना नीट ऐकू आलं नसावं. ते बरं म्हणाले. तिनं सांगितलेलं पुन्हा सांगितलं नाही. आत जाऊन जमिनीवरच आडवी झाली. सुटल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं होतं. झोप आली फक्त.

महिन्याभरानं अंबाचा फोन आला. अर्ज भरायचा राहिला, पण रमण आता जेवणापुरतंच बोलतो, सासूबाई तेवढंही बोलत नाहीत, असं तिनं सांगितलं.

“मिस, माझं चुकलं का?”

“मला खरंच माहीत नाही, अंबा.”

“पुढच्या वर्षी ते पुन्हा विषय काढतील.”

“काढतील. तुला पुन्हा बोलावं लागेल.”

पलीकडे मूल रडायला लागलं. “आले, आले,” म्हणत अंबानं फोन ठेवला. भुवनानं तांदूळ धुतले, कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली.