मैदानावरचा वरवंटा

वर्ध्याबाहेरच्या आमच्या हायस्कूलच्या मैदानावर एक बाई रोज सकाळी येऊन काहीतरी फेकायची. मी तिथली खेळाची शिक्षिका, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, मला विचारल्याशिवाय राहवेना. जवळ गेले, तर हातात चटणी वाटायचा वरवंटा.

"पोलीस भरतीची तयारी करून राह्यली, मॅडम."

"मग शाळेचा गोळा घरी ने ना."

"घरी गोळा दिसला त सासू इचारन. वरवंट्याले कोन इचारते?"

मी खेळाची खोली उघडून गोळा तिच्या हातात दिला. तिनं तो मानेला टेकवला, अंग वळवलं आणि फेकला. कुठं पडला ते न बघता ती आधी रस्त्याकडे बघत राहिली. अंतर मीच मोजलं आणि हळू आवाजात सांगितलं. नाव मात्र विचारलं नाही.