तिसरी हमी

सिंगापुरातल्या बेडोक भागातल्या आजी कुणाची चौकशी करत नसत. मी त्यांची भाड्याची खोली पाहायला गेलो तेव्हा पासपोर्ट, कंपनीचं पत्र, सगळं हातात धरून उभा होतो. सहा घरांतून नकार आला होता. आजी म्हणाल्या, "ते कागद आत ठेव रे. जेवलास का?"

आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू; माहेर अलिबागकडचं. यजमानांच्या बोटीवरच्या नोकरीमुळे सिंगापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. मलिद्याच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या त्यांच्या विधीच्या, दिवशी गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे करत, एक वाटा बाजूला काढत आणि तो घेऊन दारात उभ्या राहत. जो पहिला दिसेल त्याला तो वाटा. एकदा लिफ्ट दुरुस्त करणारा चिनी गृहस्थ संकोचून म्हणाला, "आंटी, टू मच लाह!" आजी मराठीत म्हणाल्या, "खा मुकाट्यानं."

त्यांचे वडील मुंबईत शाळामास्तर. युद्धाआधी जीव वाचवून युरोपातून निघू पाहणाऱ्या ज्यूंना हिंदुस्थानात यायचं तर इथल्या कुणीतरी त्यांची हमी घ्यावी लागे. वडिलांनी दोन अनोळखी कुटुंबांसाठी सह्या केल्या. दोन्ही सुखरूप पोचली. तिसरा अर्ज व्हिएन्नाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा.

"बाबा म्हणाले, जरा चौकशी करू. तेवढ्यात युद्ध लागलं. बाई आलीच नाही."

पुढे माझं लग्न झालं, बेडोकलाच फ्लॅट घेतला. आजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वुडलँड्सला मुलीकडे गेल्या. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बीडची एक नर्स आहे. नोकरी सुटली, खोलीही गेली. दुसरी नोकरी मिळेपर्यंत महिनाभर तुझ्याकडे राहू दे. तुझी एक खोली रिकामी आहे ना?"

"कोण आहे ती, आजी?"

"मला तरी काय ठाऊक?"

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. इथला कामाचा परवाना, ही नोकरी काचेच्या भांड्यासारखी जपत होतो; अनोळखी कुणाला घरात ठेवून ती धोक्यात घालायची भीती वाटली. म्हणालो, "जरा चौकशी करतो."

आजींनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला तेव्हा काहीच आठवलं नाही.

चार दिवसांनी, बायकोशी बोलून, होकार कळवायला फोन केला.

"ती काल गावी परत गेली," आजी म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वाईट वाटून घेऊ नकोस. बाबाही चांगलेच होते रे."

त्यानंतर आजींनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. फोन केला की एवढंच विचारायच्या, "जेवलास का?"

गेल्या वर्षी त्या गेल्या. ती खोली अजून रिकामीच आहे. तिथे आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो.